तेवीस मिलिमीटर

सिव्हिलवाल्यांची हॉस्टेलमध्ये एकच ओळख: उन्हात काठी धरून उभी राहणारी जमात. त्यातही काठी धरणारा सगळ्यात खालचा. दुर्बिणीत डोळा लावणारा साहेब आणि प्रिझम धरणारा शिपाई! दुसऱ्या वर्षाच्या सर्व्हे कॅम्पपासून मीही असंच समजत होतो. फायनल इयरच्या प्रोजेक्टनं डोळे उघडले.

प्रोजेक्ट होता कॉलेज परिसराचा नकाशा. आम्ही चौघांनी वर्गणी काढून तीन दिवसांसाठी रोबोटिक टोटल स्टेशन भाड्यानं आणलं. हे यंत्र ट्रायपॉडवर एकटंच उभं असतं आणि प्रिझम जाईल तिकडे आपणहून मान वळवतं. म्हणजे साहेब आता यंत्रापाशी नसतोच. तो कंट्रोलर घेऊन काठीपाशी असतो. काठीवाल्याला एकदम बढती!

सोबत दोन प्रिझम आले होते, एक गोल आणि एक ३६० अंशांचा. कुठला वापरायचा यावर मेसमध्ये दोन चहा होईपर्यंत वाद झाला. प्रिझम म्हणजे काचेच्या घनाचा कापलेला कोपरा. एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन बाजूंवर आपटून किरण ज्या दिशेनं आला त्याच दिशेनं परत जातो. चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवर असेच आठ छोटे प्रिझम आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या एलआरओ यानानं त्यांच्यावर लेसर सोडून परत आलेला किरण पकडला होता.

गोल प्रिझम अचूक, पण त्याचं तोंड यंत्राकडे असावं लागतं. चालताना आपण वळलो की यंत्र बिचारं शोधत बसतं. ३६० वाल्यात छोटे प्रिझम गोलाकार बसवलेले असतात, त्यामुळे तो कुठूनही दिसतो. मात्र काठी फिरली की मोजलेला बिंदू काही मिलिमीटर सरकू शकतो. शेवटी ठरलं की झाडं, खांब, गटारं यांसाठी ३६० वाला आणि कंट्रोल पॉइंटसाठी ट्रायपॉडवर गोल. निवड अगदी बरोबर होती. माती खाल्ली ती पुढे!

काचेत प्रकाश हळू जातो आणि प्रिझमचा मध्य काठीच्या मध्यावर असतोच असं नाही. म्हणून प्रत्येक प्रिझमला स्वतःचा स्थिरांक असतो आणि तो यंत्राला सांगावा लागतो. आमच्या गोल प्रिझमचा उणे ३०, ३६० वाल्याचा उणे ७. पहिल्या दिवशी ३६० वर सराव केला. दुसऱ्या दिवशी गोल लावला आणि सेटिंग तसंच राहिलं. सेटिंगचं काम माझ्याकडे होतं.

ग्राउंडभोवती चार पॉइंटचा लूप घेतला. क्लोजिंग एरर फक्त ४ मिलिमीटर! रात्री जवळजवळ मिरवणूकच निघाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सर्व्हे लॅबचे काका स्टीलची टेप घेऊन आले. आमच्या चौकोनाची एक साठ मीटरची बाजू त्यांनी मोजली आणि म्हणाले, "काय रे पोट्टेहो, तुमचं मशीन दोन सेंटीमीटर जास्त दाखवून राह्यलं."

मी सगळ्यांसमोर हसलो. "काका, टेप जुनी झाली तुमची. लूप चार मिलिमीटरवर क्लोज झालाय!"

काका काही बोलले नाहीत. टेप पुसली, गुंडाळली आणि निघून गेले.

ते दोन सेंटीमीटर मात्र डोक्यातून जाईनात. उन्हाला दोष द्यावा तर तापमान १ अंशानं चुकलं की फरक पडतो किलोमीटरला साधारण १ मिलिमीटर. साठ मीटरला किती पडणार? मग पुस्तकातली जुनी चाचणी केली. एका रेषेत अ, ब, क असे तीन पॉइंट घेतले. अ-ब आणि ब-क यांची बेरीज अ-क पेक्षा बरोबर २३ मिलिमीटर जास्त आली. तीसमधून सात गेले की किती उरतात, हे तिसरीतलं पोरगंही सांगेल.

मग लूप क्लोज कसा झाला? कारण ग्राउंड जवळपास चौकोनी. प्रत्येक बाजू २३ मिलिमीटरनं लांबली, पण समोरासमोरच्या बाजूंनी एकमेकींची चूक गिळून टाकली. चौकोन मोठा झाला, तरी मिटला छान!

रात्रभर बसून प्रत्येक अंतरातून २३ मिलिमीटर वजा केले आणि सगळे पॉइंट नव्यानं काढले. लाज वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. हैदराबादहून नागपूरकडे येताना लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ ला आपल्या हिंगणघाटला वारला, त्याच्या सर्व्हेच्या गोष्टी आम्ही झीरो माइलच्या खांबापाशी उभं राहून ज्युनिअर्सना सांगायचो. पुढे एव्हरेस्टच्या काळात दूरच्या टेकडीवर कुणीतरी आरसा धरून ऊन परतवत बसायचा, त्याच्या भरवशावर कोन मोजले जायचे. आणि आमच्याच काठीवाल्याला मी वेड्यात काढलं होतं.

चारचौघांत केलेल्या अपमानाची माफी एकट्यात मागणं स्वस्त वाटलं. व्हायव्हाला काका नकाशे घेऊन दारात उभे होते. सरांनी क्लोजिंग एरर विचारली. मी ती सांगितली आणि मग २३ मिलिमीटर, माझं सेटिंग आणि काकांची टेप, सगळं सांगून टाकलं. मार्क किती कापले ते विचारू नका.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "आता तर्री-पोहे कोन चारून राह्यलं?"

ज्युनिअर मंडळींनो, प्रिझम कामाप्रमाणे निवडा आणि कुठला लावलाय ते यंत्राला सांगा. कंपनी बदलली तर जास्तच जपा. लायका आपल्या गोल प्रिझमला शून्य म्हणते, तोच प्रिझम दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला उणे ३४.४ म्हणून सांगावा लागतो. लूप क्लोज झाला तरी एक बाजू टेपनं मोजा. आणि टेप धरणारा काही म्हणाला तर आधी ऐकून घ्या. हसायला नंतर वेळ असतो!