आमची जीप आणि बाबांची काठी

आमच्या घरी जीप आहे म्हटलं, की नवा माणूस आधी माझ्या चपलांकडे पाहतो. कचेरीतल्या कारकुनाला जीप कशी परवडते, असा त्याचा सवाल असतो. खरं सांगायचं तर परवडत नाही. तरीही १९८८ पासून आमच्या दारात फोर व्हील गाडी उभी आहे. आजवर तीन झाल्या, आणि तिन्ही जुन्याच घेतलेल्या.

बाबा एका सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. लिलावात निघालेली पेट्रोल जीप त्यांनी आईच्या पाटल्या मोडून घेतली. आमची वस्ती पुसद तालुक्यात, नाल्याच्या पलीकडे. दवाखाना, बाजार, शाळा सगळं अलीकडे. पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुतायचं. अशा जागी आजारी माणूस खाटेवर घालून चौघांनी खांद्यावर न्यायचा, हीच रीत होती. जीप आली आणि ती खाट खाली उतरली.

त्या जीपमध्ये गिअरच्या दांडीशेजारी आणखी दोन लहान दांड्या होत्या. एकीनं पुढच्या चाकांना ओढ मिळायची, दुसरीनं गाडी ‘लो’मध्ये जायची; म्हणजे वेग कमी, पण ताकद जास्त. बाबा सांगायचे, फोर व्हील म्हणजे जादू नव्हे. एक पुढचं आणि एक मागचं चाक अधांतरी झालं, की सगळा जोर त्या रिकाम्या चाकांतच जातो आणि गाडी जागेवर राहते. तेव्हा ॲक्सिलेटर दाबू नये. खाली उतरावं, चाकाखाली दगड, बाभळीच्या फांद्या, गोणपाट घालावं. डांबरी रस्ता कोरडा असेल तर पुढच्या चाकांची दांडी सोडून द्यावी, नाहीतर वळणावर टायर घासतात आणि गिअरवर ताण येतो. आणि चारही चाकं ओढतात म्हणून ब्रेक काही लवकर लागत नाही.

सीटमागे बाबांची एक काठी असायची. तिच्यावर गुडघ्याएवढ्या उंचीला खूण केलेली होती.

१९९४ च्या श्रावणातली रात्र मला विसरता येत नाही. मी नववीत होतो. शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या, बाळ आडवं होतं. मी कंदील घेऊन बाबांसोबत निघालो. नाला भरून वाहत होता. बाबा काठी घेऊन पाण्यात उतरले, चार पावलं गेले आणि परत आले. पाणी खुणेच्या वर होतं. त्यांनी गाडी वळवली. मागून त्या सुनेची सासू ओरडली, “भाऊ, चारी चाकं ओढतेत म्हणता, मंग काहून भेता?” बाबा काही बोलले नाहीत. बरडावरच्या दगडी वाटेनं लो गिअरमध्ये आम्ही वळसा घालून गेलो. दोन तास लागले. बाई वाचली, बाळ वाचलं नाही.

नाल्यातून गेलो असतो तर बाळ वाचलं असतं, असं वस्तीत पुष्कळ दिवस बोललं गेलं. मलाही तसंच वाटायचं. एका मुलासमोर त्याच्या बापाला भित्रा म्हटलं गेलं, ते मी मनात धरून ठेवलं.

पुढे दुसरी गाडी आली, डिझेलची. २००६ च्या पावसात मी तीन जणांना घेऊन त्याच नाल्यात गाडी घातली. काठी सीटमागेच होती. मधोमध गेल्यावर स्टिअरिंग हलकं झालं. चाकांना जमीनच लागेना. गाडी आडवी होऊन वाहत जाऊन बाभळीला अडली म्हणून आम्ही वाचलो. वाहतं पाणी दोन फुटांवर गेलं, की जीपसारखी जड गाडीही उचलली जाऊ शकते. चाकं चार ओढोत की दोन, जमिनीला टेकली तरच ओढणार! त्या रात्री मी बाबांच्या पाया पडलो. ते एवढंच म्हणाले, “मी त्या दिवशी एक जीव गमावला. गाडी घातली असती तर पाच गेले असते.”

बाबा आता नाहीत. त्यांची हिशोबाची वही माझ्याकडे आहे. मी बी.कॉम. असल्यानं घसारा, दुरुस्ती, डिझेल सगळं मांडून पाहिलं. गाडी दरवर्षी तोट्यातच. पण वहीत ‘कुणाला नेलं’ असाही एक रकाना आहे. त्यात सर्पदंश आहे, बाळंतपणं आहेत, परीक्षेची मुलं आहेत. एकाही नावापुढे भाडं लिहिलेलं नाही.

आता नाल्यावर पूल झाला आहे. २०१४ पासून राज्यात १०८ ची रुग्णवाहिकाही आहे. त्यामुळे आमच्या तिसऱ्या गाडीला, बोलेरोला, पूर्वीएवढं काम नाही, आणि त्याचा मला आनंदच आहे. गाडीला कमी काम पडणं म्हणजे वस्ती सुधारल्याची खूण.

हल्ली शहरात मोठमोठ्या फोर बाय फोर गाड्या दिसतात. घ्याव्यात, ज्याची त्याची हौस. पण पावसाळ्यात कुणी त्या घेऊन पुरात उतरल्याचं ऐकलं की जीव खाली-वर होतो.

माझी मुलगी यंदा गाडी शिकते आहे. पहिल्या दिवशी तिनं किल्लीसाठी हात पुढे केला. मी आधी तिच्या हातात काठी दिली, आणि १९९४ ची ती रात्र तिला सांगितली.