बिनतिकिटाचं म्युझियम

परदेशी जाऊन आलेल्या माणसाने त्यावर लेख लिहिलाच पाहिजे, असा मराठीत एक अलिखित कायदा आहे. मी पडलो मुखेडचा, त्यामुळे कायदा पाळायला थोडा उशीर झाला इतकंच.

मुलगा पॅरिसला नोकरीला. आम्हा दोघांसाठी त्याने एका दिवसात दोन म्युझियमं आणि मधे एक झकास जेवण असा बेत आखला. पहिलं ओर्से. ही इमारत म्हणजे १९०० सालचं रेल्वे स्टेशन. १९८६ साली तिथे म्युझियम झालं. आमच्या मुखेडला अजून रेल्वे नाही, आणि ह्यांच्याकडे एक स्टेशन उरलं म्हणून ह्यांनी त्यात चित्रं टांगली! थोरल्या घड्याळाखाली उभा राहून, नांदेडच्या सवयीने, मी गाडी किती लेट आहे याचा अंदाज घेतला.

दुपारी हॉटेलात आम्ही शाकाहारी म्हणून 'रातातुई' मागवली. नाव ऐकून सौभाग्यवती सावरून बसल्या. ताटलीत वांगं, टोमॅटो, ढोबळी मिरची.

"अहो, ही तर वांग्याची भाजी! ह्याच्यासाठी कामून विमानात बसलो म्हणते मी?"

पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी निघाली. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. पण वरून कडक, आत लुसलुशीत असा तो पाव, ती भाजी आणि वर मुखेडची चटणी... खरं सांगतो, आजवर जगात दोन देशांचा इतका चांगला समझोता झाला नसेल. ताटल्या आम्ही पुसून खाल्ल्या.

मग लूव्र. १७९३ पासूनचं म्युझियम. मोनालिसा उणीपुरी ७७ बाय ५३ सेंटिमीटर, आणि पुढे गर्दी पंढरपूरची. दर्शन लांबूनच झालं. जिन्याच्या माथ्यावर विजयदेवता, तिला डोकं नाही. पुढे व्हीनस, तिला हात नाहीत. आपल्याकडे मूर्तीचं बोट तुटलं तरी खंडित म्हणून तिचं विसर्जन करतात. इथे लोक तिकीट काढून हात जोडत होते.

"आजोबा," नातवाने विचारलं, "तुमच्या गावात म्युझियम आहे?"

"नाही रे."

"आहे की!" सौभाग्यवती म्हणाल्या. "दशरथेश्वराचं देऊळ. भिंतीवरच्या बाया बघितल्या न्हाईत का? हिच्याहून देखण्या. आन् तिकीट न्हाई."

"तिथे काय काय आहे, आजोबा?"

आता आली का पंचाईत! चालुक्यांच्या काळातलं ते देऊळ. जन्मभर त्याला प्रदक्षिणा घातल्या, पण त्या घड्याळाकडे बघत, ऑफिस गाठायचं म्हणून. सप्तमातृका आहेत, सुरसुंदरी आहेत, हे ऐकून ठाऊक. पण कोणीचा हात कुठे, मान कुठे वळलेली, एकीचंही सांगता येईना. व्हीनसला हात नव्हते. मला डोळे नव्हते. नातू उत्तराची वाट बघत होता.

"गावाकडं आलास की दाखवीन," मी म्हणालो.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी देवळात गेलो. एकेका मूर्तीपुढे थांबत, वहीत टिपत, अर्धी प्रदक्षिणा व्हायला तास लागला. पुजारी बराच वेळ बघत होते. शेवटी जवळ आले.

"काय हरवलं का, गुरुजी?"

"होय," म्हटलं, "पण सापडायलंय."