छापील वेग, खरा वेग

आज दुपारभर मामेभावाचा कॉम्प्युटर उघडून बसलो होतो. रॅमच्या पट्टीवर छापलंय ३६००, बायोस दाखवतोय २१३३. दुकानदारानं गंडवलं, अशी त्याची ठाम समजूत. पण तसं नसतं. डीडीआर४ची पट्टी सुरुवातीला १.२ व्होल्टवर, ठरलेल्या सावकाश वेगानंच चालू होते. छापील वेग हवा तर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी प्रोफाइल आपणच चालू करायचं; मग व्होल्टेज बहुधा १.३५वर जातं. हे खोक्यावर ठळक लिहायला हवं, असं मला मनापासून वाटतं. लोक कष्टाचे पैसे मोजतात आणि वर्षानुवर्षं कमी वेगावर काम करत राहतात.

प्रोफाइल चालू केलं, तर स्क्रीन काळी. पंखे फिरताहेत, मदरबोर्डवर डीरॅमचा इवलासा दिवा पेटलेला, म्हणजे तक्रार रॅमचीच. दोन्ही पट्ट्या पहिल्या दोन खाचांत होत्या, म्हणजे एकाच चॅनेलवर. बहुतेक बोर्डांना प्रोसेसरकडून मोजत दुसरी आणि चौथी खाच लागते. तशा बसवल्या. तरी ३६००ला नकारच. त्यातली एक पट्टी जुनी, दुसऱ्या कंपनीची. दोघींचं टायमिंग वेगळं. ही मिसळ चालेलच याची हमी कुणी देत नाही. जोडी घ्यायची तर एकाच पाकिटातली, आणि बोर्डाच्या कंपनीची चाचणी-यादी बघून.

३२००वर मात्र विंडोज सुरळीत उघडलं. तरी माझा भरवसा नाही. रॅमची चूक फायली गुपचूप बिघडवते, आणि त्याच्या मशीनवर लेकीचे लहानपणापासूनचे फोटो आहेत. ते आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवले. आता मेमटेस्ट ही रॅमची चाचणी लावून ठेवलीय, रात्रभर चालेल. एक जरी एरर आली, तर उद्या एकेक पट्टी वेगळी तपासणार.