हल्याळच्या रानातील कवंदी

बेळगावहून खानापूरमार्गे हल्याळकडे निघाले म्हणजे नंदगड मागे पडता पडता सागवानाचे रान जवळ येऊ लागते. हल्याळ हा उत्तर कन्नड जिल्ह्यातील तालुका. परंतु तेथील बाजारात घटकाभर उभे राहिले तर कन्नडाबरोबर मराठीही कानी पडते. या रानाच्या आधाराने सिद्दी लोकांच्या वाड्या वसलेल्या आहेत. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्यांपैकी कित्येकजण निसटून घाट चढले व या जंगलात राहिले. त्यांचे वंशज आज येथे शेती आणि मोलमजुरी करतात. हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्म त्यांच्यात आहेत. बोली मात्र कोकणी-मराठीच्या वळणाची, त्यामुळे आम्हांस दुभाषा लागला नाही. २००३ साली या जिल्ह्यातील सिद्दींचा समावेश अनुसूचित जमातींत झाला.

आम्ही गेलो होतो ते त्यांची कवंदी पाहावयास. कवंदी म्हणजे आपल्या वाकळीची बहीणच. खाली जुने लुगडे अंथरायचे आणि त्यावर चिंध्यांची ठिगळे कडेकडेने लावीत, धावदोरा घालीत आत आत यायचे, तो थेट मध्यापर्यंत. आधी नकाशा नाही, खडूची रेघ नाही. चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची त्रिकोणी ‘फुले’ बसवितात. ती नसली तर कवंदी उघडी दिसते, असे तेथील बायकांचे म्हणणे. या कवंद्या परदेशांतील प्रदर्शनांतही मांडल्या गेल्या आहेत. अंगणातील आजीबाईंना त्याचे फारसे अप्रूप दिसले नाही. त्यांच्यापुढे त्या दिवशी निराळाच प्रश्न होता.

सून बाळंत व्हावयाची होती आणि बाळाची कवंदी शिवायची होती. घरात जुन्या कपड्यांचे गाठोडे मोठे होते. पण आजीबाई एकेका कपड्याचा धागा उपसून चुलीतल्या काडीला लावीत. राख झाली तर कापड सुती. वितळून काळी कडक गोळी झाली तर ते बाजूला. बाजूचा ढीग पाहता पाहता वाढला. हल्लीच्या साड्या-सदऱ्यांत निर्भेळ सूत सापडणे कठीण, आणि नायलॉन-पॉलिएस्टर घाम टिपत नाही. तान्ह्या अंगाला ते कसे चालावे? म्हणून मुलाने हुबळीहून तीन मीटर कोरे सुती फलालीन आणले होते.

आमची कल्पना अशी की, आता कात्री चालेल. आजीबाईंनी फलालीन गरम पाण्याच्या घंगाळात बुडविले. त्यांचे कारण आम्हांस फार मोलाचे वाटले. जुने लुगडे शेकडो वेळा धुतलेले असते. त्याला जेवढे आटायचे तेवढे ते आटून चुकलेले असते. फलालीनच्या आडव्या सुताला पीळ कमी, वीण सैल, वर तारेच्या कुंच्यांनी लव काढलेली. ऊब त्या लवेत अडकलेल्या हवेची. असे कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे चार-पाच सेंटीमीटर सहज आटते. न भिजविता ते जुन्याशेजारी शिवले तर धुतल्यावर नवे ठिगळ आखडते, जुने फुगते आणि ताण पडून टाका तुटतो. म्हणून दोनदा भिजवणी, आणि वाळत घालताना पिळायचे नाही, दोरीवर ताणायचे नाही. इस्त्री करणाऱ्या भगिनींनीही ती वरून टेकवावी, ओढू नये; फलालीन तिरके ताणले जाते आणि चौकोनाचा चौकोन राहत नाही.

पहिल्या पाण्यातून वाळलेला एक तुकडा हाती होता. त्यावर त्यांनी कापणी दाखविली. जुने सुती लुगडे त्या टरकावतात, ते सुताबरोबर सरळ फाटते. फलालीन फाडले तर कडा लांबते व लव झडते. त्यांनी एक आडवा धागा हलकेच ओढून काढला आणि त्या रिकाम्या रेघेवरून कात्री नेली. त्याआधी तळहात फिरवून लव कोणीकडे वळते ते पाहिले. सर्व ठिगळांची लव एका दिशेला, नाहीतर एकाच रंगाचे दोन तुकडे उन्हात दोन रंगांचे दिसतात. ठिगळे वितीएवढी मोठी, कारण लहान तुकड्याच्या दुमडलेल्या कडांची जाडी सुईला पेलत नाही. दुमडायला बोटभर कापड सोडलेच पाहिजे. फलालीनची कड फार सुटते. (आमच्याकडील शिंपी एवढे सोडील तर शपथ!)

तळाला लावायचे लुगडे त्यांनी पेटीतून काढले तेव्हा ते इतके विरले होते की पलीकडचा उजेड दिसावा. एवढेच सुती उरले आहे, असे त्या म्हणाल्या. दुसऱ्या नातवंडाला तळाला काय घालणार, असे आम्ही विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. घंगाळातले फलालीन उलटे करून पुन्हा पाण्यात दाबले.