पीळ

गेल्या पावसाळ्यात जिना उतरताना माझा डावा पाय मुरगळला आणि तीन आठवडे घरी बसावे लागले. हाड शाबूत होते. दुखावले होते ते घोट्याचे अस्थिबंध. शब्दकोड्यांना आयुष्यभर रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणत आलेला मी त्या दिवसांत सकाळी वर्तमानपत्राची वाट पाहू लागलो.

मराठी कोड्याची मौज अशी की, त्याच्या एका घरात सुटा वर्ण नव्हे, अख्खे अक्षर बसते. 'स्ना'सारखे भारदस्त जोडाक्षरही एकाच घरात मावते. 'मुरगळ'ला चार घरे लागतात, 'लचक'ला तीन, 'पीळ'ला दोन. आणि या कुळातले शब्द तरी आपल्याकडे किती! दोरीला पीळ, वेणीला पेड, व्यवहारात तिढा, करंजीच्या कडेला मुरड आणि मनालाही मुरडच. पोटात मुरडा, आणि त्यावर उगाळून द्यायची ती मुरडशेंग, जिचा आकारच मुळी पिळलेल्या दोरीसारखा.

एके दिवशी सूचना होती : 'हाडास हाड बांधणारा.' मला प्रथम सुचले 'स्नायू'. घरे मात्र चार होती. हवा होता 'अस्थिबंध'. तरी माझे उत्तर अगदीच निराधार नव्हते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ९०० स्नायू मोजले आहेत. फळ्या दोरांनी आवळलेली नौका पाण्यावर भार पेलते, तसे स्नायूंनी सांधे बांधलेले शरीर, अशी उपमाही तेथे आहे. तो स्नायू म्हणजे बंधच. मांसल भागाला तेथे 'पेशी' म्हटले आहे. मराठीने पुढे त्या मांसालाच स्नायू केले आणि पेशी सूक्ष्मदर्शकाखाली नेऊन ठेवली. हिंदीत मांसपेशी राहिली. बंगालीत तर स्नायू म्हणजे मज्जातंतू.

हे शेवटचे मला उशिरा कळले. खरे म्हणजे कळले वेळेवरच, कबूल केले नाही. १९९१ साली मी एका बंगाली कथेचा अनुवाद केला. नायकाचे 'स्नायू' जसेच्या तसे मराठीत आणले, आणि चिंतेने खचलेला एक कारकून मराठीत हातापायांनी दुबळा झाला! थोरल्या बंधूंनी, दादांनी, रेल्वेच्या नोकरीत बारा वर्षे खरगपूरला काढली होती. त्यांनी पोस्टकार्डावर तीन ओळींत चूक दाखवली. मी उत्तरादाखल तत्सम शब्दांच्या अर्थव्याप्तीवर चार पाने लिहिली. त्यात 'हा आपला प्रांत नव्हे' असे एक वाक्य होते. त्यांचे पुन्हा पत्र आले नाही. लग्नकार्यांत भेटत राहिलो, प्रकृतीची चौकशी करीत राहिलो. २०११ साली ते गेले. अनुवादाची दुसरी आवृत्ती त्याआधीच निघाली होती. तीतही मी तो शब्द बदलला नव्हता.

पाय बरा होण्याच्या सुमारास कोड्यात सूचना आली : 'सुंभ जळला तरी हा जात नाही', दोन घरे. पेन्सिलीने उत्तर लिहिले आणि लंगडत जाऊन कपाटातून ते पुस्तक काढले. 'स्नायू' खोडून समासात 'मज्जातंतू' लिहिले. ते वाक्यात बसेना. फारच वैद्यकीय वाटत होते, आणि तो दमलेला माणूस त्यातून दिसत नव्हता. दादांनी कार्डावर एक साधा शब्द सुचवला होता, एवढे आठवते. तो कोणता, ते आठवत नाही. कार्ड मी जपून ठेवले नव्हते.