विमान पडू द्यायला शिका!

बालमित्रांनो, संक्रांत जवळ आली की आपल्या नागपुरात काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. गच्चीगच्चीवर पोरं, हातात चक्री आणि चारी बाजूंनी एकच आरोळी, "ओ काट!" पण माझ्या आठवीतल्या भाच्याला पतंग नको होता. त्याला हवं होतं विमान. रेडिओवर चालणारं, खरोखर आकाशात उडणारं!

विमान घरी आलं. थर्मोकोलसारख्या हलक्या फोमचं, वजन जेमतेम ८०० ग्रॅम.

"मामा, चल ना, समोरच्या मैदानात उडवू!"

"अरे, आपण राहतो कुठे?"

"प्रतापनगरात."

"आणि विमानतळ कुठे आहे?"

भाचा गप्प झाला. सोनेगावचा विमानतळ तर हाकेच्या अंतरावर!

दोस्तांनो, आपलं नागपूर देशाच्या मध्यावर. म्हणूनच १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री इथेच भेटत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि आपापल्या गावी परत जात. आहे की नाही गंमत? पण ज्या गावावरून खरी विमानं जातात, तिथे छोट्या विमानाला जपूनच राहावं लागतं.

२०२१ च्या ड्रोन नियमांत वैमानिक आत न बसलेली विमानं येतात, आपलं हौशी मॉडेलसुद्धा. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काहीच उडवायचं नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात उंची ६० मीटरपर्यंत. त्यापलीकडे मोकळी जागा असेल तर १२० मीटरपर्यंत. आता नागपूरच्या नकाशावर कंपास ठेवून ८ किलोमीटरचं वर्तुळ काढा बरं. बघा, जवळजवळ अर्धं शहर आत गेलं! शिवाय लष्कराच्या आणि इतर महत्त्वाच्या जागा वेगळ्याच. म्हणून निघण्याआधी मोठ्या माणसांबरोबर सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आपली जागा बघून घ्यायची.

तर आम्ही निघालो रविवारी भल्या पहाटे. का? पहाटे वारा पडलेला असतो. काटोल नाका मागे पडला, गोरेवाड्याचं जंगल गेलं, फेटरी ओलांडली. थंडी अशी, की स्कूटरवर बोटं गारठली! सोयाबीन निघालेलं मोकळं रान, पलीकडे उभी तूर. शेतमालकाची परवानगी आधीच काढलेली होती. तिथे आमचे गुरू वाट पाहत होते. ओळखीतले एक काका, शाळेत असताना एनसीसीच्या हवाई विभागात विमानांची मॉडेलं करायला शिकलेले.

भाच्याने विमान काढलं आणि थेट धावायलाच लागला.

"घाई काहून करून राहिला बाबू?" काका म्हणाले. "आधी तपासून तर घे!"

काय काय तपासलं, ते तुम्हीही लिहून ठेवा. पहिलं म्हणजे तोल. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागे, पंखाच्या रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर दोन बोटं टेकवून विमान उचलायचं. ते सरळ राहिलं पाहिजे, नाक किंचित खाली असलं तरी चालेल. शेपूट जड असेल, तर ते विमान कुणाचंच ऐकत नाही! दुसरं, आधी हातातला रेडिओ सुरू करायचा आणि मग विमानाची बॅटरी जोडायची. उतरल्यावर नेमकं उलटं. तिसरं, विमान घट्ट धरून रेडिओ बंद करून बघायचा. मोटर आपोआप थांबली पाहिजे. चौथं, प्रोपेलरच्या समोर कधीच उभं राहायचं नाही. तो मिनिटाला हजारो फेरे घेतो, बोट काही त्याला ओळखत नाही.

"आमच्या वेळी तर आणखी एक भानगड होती," काका सांगू लागले. "दोघांचा चॅनल एक झाला, की एकाने रेडिओ लावला आणि दुसऱ्याचं विमान धाडकन खाली! म्हणून मैदानावर चॅनलच्या नंबरचा चिमटा असायचा. ज्याच्याकडे चिमटा, त्यानेच रेडिओ लावायचा. आताच्या २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओंना ती कटकट नाही."

मग दोन रेडिओ वायरने जोडले. काकांनी बटण दाबून ठेवलं की ताबा भाच्याकडे, सोडलं की काकांकडे. काकांनी वाऱ्याच्या दिशेने तोंड करून विमान हातातून सोडलं. गेलं की भुर्रकन!

विमान पुढे जात होतं, तोवर सगळं सोपं होतं. पण वळून आमच्याकडे येऊ लागलं आणि भाचा गोंधळला. उजवीकडे न्यायला जावं, तर विमान डावीकडे! असं का? विचार करा. समोरून येणाऱ्या मित्राचा उजवा हात तुमच्या कोणत्या बाजूला असतो? तसंच हे. त्यावर काकांनी एक युक्ती सांगितली. विमान तोंडाकडे येत असताना जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला काठी सरकवायची, जणू त्या पंखाला खालून टेकू देतोय. पंख लगेच सरळ!

पतंगाला मांजा असतो, त्याची ओढ हाताला कळते. इथे हाताला काहीच कळत नाही. सगळा भरवसा डोळ्यांवर. म्हणून विमान फार दूर जाऊ द्यायचं नाही, सूर्याच्या आड न्यायचं नाही आणि माणसांच्या डोक्यावरून तर मुळीच नाही.

चौथ्या रविवारी वायर निघाली. भाचा एकटा उडवत होता, आणि छानच उडवत होता! विमान उतरवायला वळवलं, तेवढ्यात बांधाच्या आडून चार गाई आणि त्यांच्यामागे एक गुराखी पोरगा आला. अगदी विमानाच्या वाटेवर! भाच्याने घाबरून काठी भलत्याच बाजूला सरकवली. विमान खाली खाली, त्या पोराच्या दिशेने.

"पॉवर बंद! तुरीत जाऊ दे!" काका ओरडले.

एक क्षण गेला. मला वाटलं, आता हा विमान वाचवायला बघणार. चार महिन्यांचे साठवलेले पैसे होते ना त्यात! पण त्याने डावी काठी पूर्ण खाली ओढली, विमान तुरीकडे कलवलं आणि कर्रर्र... पंख मोडला.

गुराखी पोरगा हसला आणि स्वतःच तुरीत शिरून विमान घेऊन आला. भाच्याचे डोळे भरले होते. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आज तुला विमान उडवता आलं, बाबू. पंख उद्या चिकटेल. त्या पोराचा डोळा चिकटला असता का?"

घरी येऊन आम्ही हिशेब केला. ताशी ४० किलोमीटरने येणारं विमान जितक्या जोरात आदळतं, तितक्याच जोरात दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पडलेली तेवढ्याच वजनाची वस्तू आदळते. बाप्पा! भाच्याने त्यानंतर पंख मोडल्याचं नावसुद्धा काढलं नाही.

पंख चिकटवला. बॅटरी मात्र आधी नीट पाहिली. ती फुगली किंवा चेपली असेल, तर पुन्हा चार्ज करायची नाही, पेट घेऊ शकते. चांगली बॅटरीसुद्धा चार्जिंगला लावून झोपायचं नाही, बरं का!

आईबाबांनाही एक सांगणं आहे. पहिलं विमान महागाचं घेऊ नका. जे मोडलं तर मुलाला फार हळहळ वाटणार नाही, असंच घ्या. म्हणजे वेळ आली की त्याचा हात कचरणार नाही.

आणि दोस्तांनो, उडवायला शिकण्याआधी तुम्ही काय शिकाल? बरोबर! विमान पडू द्यायला.