शेवटचा आला की निघायचं

‘शेवटचा आला की निघायचं’ हा माझा नियम होता, आणि तो किती क्रूर आहे हे बरीच वर्षं माझ्या लक्षातच आलं नाही. पुण्याहून बोपदेव घाट चढून सासवड आणि दिवे घाटातून परत, अशी साठेक किलोमीटरची राईड मी नेत असे. निरोपात लिहायचो, ‘कोणालाही जमेल.’ मग घाटात सर्वांत पुढे मीच.

एकदा साठीच्या पुढचे एक काका आले होते. घाटमाथ्यावर आम्ही पंधरा-वीस मिनिटं बसलो, चिक्की खाल्ली, फोटो काढले. काका वर आले, एक पाय टेकला, बाटलीचं झाकण उघडलं, आणि मी म्हणालो, “चला, आले सगळे!” त्यांनी पाणी न पिताच झाकण लावलं. मी ते पाहिलं होतं. तरीही निघालो. ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना ती भरपूर मिळाली, आणि ज्यांना होती त्यांना अजिबात नाही.

माथ्यावरून सासवडपर्यंत मोकळं माळरान आणि समोरून वारा. सपाटीवर वेग वाढला की सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. दुसऱ्याच्या मागच्या चाकाला धरून चाललं तर साधारण पाव हिस्सा मेहनत तरी वाचते. आम्ही धडधाकट लोक एकमेकांच्या आडोशाने चाललो होतो आणि काका एकटे वारा खात होते. मध्ये एकदा थांबून विचारलं, “ठीक ना काका?” ते “हो” म्हणाले. असल्या प्रश्नाला दुसरं उत्तर कोण देतं? पाणी किती उरलंय, शेवटचं कधी खाल्लं, सर्वांत हलका गिअर वापरून झाला का, हे विचारायला हवं होतं. सासवडला त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले. सायकल टेम्पोत चढवताना ते म्हणाले, “माझ्यामुळे तुमचा खोळंबा झाला.” त्या वाक्याचा त्रास मला अजून होतो.

पुढच्या राईडला मी उलटी चूक केली. सगळ्यांना सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने चालवलं. घाटात ते जमत नाही. फार हळू गेलं की सायकल डगमगते, आणि आपल्यासाठी दहाजण ताटकळताहेत हे ओझं मागच्यालाच होतं. चढाला वेग इतका कमी असतो की आडोशाचा फायदा जवळपास नसतोच, म्हणून तिथे ज्याने त्याने आपल्या दमाने चढावं. जोरकसांनी वाटल्यास खाली येऊन पुन्हा चढावं. एकत्र राहायचं ते सपाटीवर, आणि नवख्यांना मध्ये घेऊन.

आता रस्ता माहीत असलेला कोणीतरी पुढे असतो आणि मी सर्वांत मागे, पंप आणि जादा ट्यूब घेऊन. शेवटचा माणूस पोचला की विश्रांतीची दहा मिनिटं तिथून मोजायची. दिवे घाटाच्या उतारापूर्वी दोन्ही ब्रेक थोडे थोडे कसे दाबायचे, पुढच्याशी अंतर किती ठेवायचं, हे करून दाखवतो. अवजड गाड्यांच्या त्या रस्त्यावर हे आधीपासूनच करायला हवं होतं. निरोपातलं ‘कोणालाही जमेल’ काढून टाकलंय. चढ कुठे, किती, पाणी कुठे मिळेल, एवढं लिहितो. बिनगिअरची सायकल असेल तर घाटाआधीच्या येवलेवाडीपर्यंत या, आमच्याबरोबर चहा घ्या आणि तिथून परत फिरा, हेही.